पाळीची काठी

डॉक्टरांनी दादांना काठी लिहून दिली. अगदी खरोखर लिहून दिली. औषधाच्या चिठ्ठीवर दोन गोळ्यांची नावं आणि त्यांच्याखाली तिसऱ्या ओळीत: काठी, चालताना कायम.

दादा म्हणजे माझे वडील. एकोणीसशे पंचाहत्तर-शहात्तर सालचा सुमार असेल. मी परतूरच्या एका शाळेत मास्तर होतो. आई गेल्यावर दादा दोन कोसांवरचं आमचं गाव सोडून माझ्याकडे राहायला आले होते. रोज सकाळी उठून स्टेशनवर जायचं आणि गाडीतून कोण उतरतं ते बघत बसायचं, हा त्यांचा नेम. त्या नेमात एक दिवस फलाटाच्या पायऱ्यांवरून ते घसरले. हाड मोडलं नाही, पण उजव्या पायातला जोर गेला. जालन्याच्या डॉक्टरांनी तीन आठवडे खाटेवर निजवून ठेवलं आणि मग स्पष्ट सांगितलं, "बाबा, काठीशिवाय पाऊल टाकू नका. पुन्हा पडलात तर कायमची खाट धराल."

दादांना अक्षरओळख नव्हती. बाहेर आल्यावर त्यांनी चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली.

"गोळ्या आन," ते म्हणाले.

"अन् काठी?"

"दोन गोळ्यांवर भागंल."

यावर मी वाद घातला नाही, कारण नकाराचं कारण आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. गावात आमची आठ घरं. येसकरकी, म्हणजे वेशीची राखण आणि गावाचे हरकामे, या आठ घरांत पाळीनं फिरायची आणि तिच्यासोबत एक काठी फिरायची. पुरुषभर उंच, वरच्या टोकाला घुंगरांचा झुपका. ज्या घराची पाळी, त्या घराच्या दाराशी ती काठी उभी. ती घेऊन वेशीत बसायचं, दवंडी द्यायची, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं, कुणी मेलं की सोयऱ्यांना सांगावा द्यायला दहा कोस चालायचं आणि दिवस मावळला की दारोदार भाकरी मागायची. घुंगरं अशासाठी, की आपण येतोय हे गावाला आधीच कळावं आणि ज्याला आपली सावली नको असेल त्यानं वेळेत बाजूला व्हावं. गावाची सोय गावानं फार बारकाईनं पाहिली होती. पाळी संपली की काठी पुढच्या घरी नेऊन द्यायची. नुसती ठेवून यायची नाही, त्या घरच्या माणसाच्या हातात द्यायची.

छप्पन साली आठही घरांनी धम्म घेतला, तेव्हा पाळी दादांची होती. ते चावडीवर गेले, काठी भिंतीला टेकवली आणि घरी परत आले. भाषण नाही, भांडण नाही. त्यानंतर वीस वर्षांत त्यांनी काठी म्हणून हातात धरली नाही. म्हैस हाताच्या चापटीनं हाकली. विंचू निघाला तर चपलेनं, साप निघाला तर फावड्यानं. आणि आता सत्तरीच्या घरातल्या या माणसाला डॉक्टर सांगत होते, की काठी घे नाहीतर झोप.

दादांनी काठीचं नाव टाकलं होतं, पण परतूर गावानं नव्हतं टाकलं. आपल्याकडे माणूस आजारी पडला की त्याचं दुखणं सार्वजनिक होतं. आमचे घरमालक जुने शेतकरी, गावाकडची जमीन मुलांवर सोपवून परतुरात घर बांधून राहिलेले. त्यांचं मत पडलं, की काठी वेताचीच घ्यावी, लवते पण मोडत नाही. शाळेतले गणिताचे मास्तर म्हणाले, बांबू, आणि तो पेरावर कापलेला. चित्रकलेच्या मास्तरांनी मुठीच्या वाकाचं चित्रच काढून दाखवलं. काठीची उंची मनगटापर्यंत हवी की कमरेपर्यंत, यावर मधली सुट्टी संपून पुढचा तास अर्धा गेला. दादा शाळेत नसल्यामुळे माप माझं घेतलं. दादा माझ्यापेक्षा वीतभर उंच आहेत, हे मी दोनदा सांगितलं. पण शास्त्र एकदा सुरू झालं की माणसाकडे कोण बघतो?

शेवटी मी आठवडी बाजारातून बांबूची एक काठी आणली आणि न बोलता दाराशी उभी केली. दुसऱ्या दिवशी ती अंगणातल्या वाळवणाच्या दोरीला टेकू म्हणून उभी होती. मजबूत टेकू होता, ओल्या चादरींनीसुद्धा दोरी झोळावली नाही.

मग आमच्या मुख्याध्यापकांनी मोठ्या मनानं स्वतःची जुनी काठी दिली. शिसवी रंगाची, पितळी टोपणाची. ही काठी त्यांनी चालायला कधी वापरली नव्हती. ती फक्त हवेत फिरवायला असे. दादांनी तिचा आदरानं स्वीकार केला आणि परसात वालाच्या वेलाशेजारी रोवली. महिन्याभरानं मुख्याध्यापक विचारपूस करायला आले, तेव्हा त्यांच्या पितळी टोपणावर जांभळी फुलं डुलत होती. जाताना माझ्या बायकोनं त्यांना पिशवीभर शेंगा दिल्या आणि त्यांनी त्या घेतल्याही.

इकडे दादांनी आपला उपाय आपण शोधला होता. एका सकाळी ते छत्री घेऊन स्टेशनवर निघाले. काळी, जाड मुठीची, जुनी छत्री. मिटलेली. चैत्राचं ऊन मी म्हणत होतं, तरी ती उघडायची नाही. टोक जमिनीवर रोवायचं, भार टाकायचा, पाऊल पुढं.

"दादा, ही काठीच झाली की," मी म्हणालो.

"ही छत्री हाय," ते म्हणाले. विषय संपला.

परतूरला विनोदाची कमतरता नाही. "दादा, पावसाचा सांगावा आल्ता का?" हमाल विचारायचे. "आला का यंदा जल्दी?" दादा म्हणायचे, "येऊन राह्यलाय." पुढं मृग लागला आणि खरी पंचाईत झाली. पाऊस सुरू झाला, की छत्री उघडावी तर चालायला आधार नाही, आधार घ्यावा तर डोक्यावर छत्री नाही. भर पावसात, हातात धडधाकट छत्री असताना, नखशिखांत भिजत येणारा म्हातारा परतूरच्या लोकांनी त्या साली पहिल्यांदा पाहिला. घरमालक ओट्यावरून ओरडले, "अहो दादा, उघडा की ती!" दादा पाणी निथळत त्यांच्यासमोरून शांतपणे घरात गेले. मला हसू आलं आणि त्या हसण्याची लाजही वाटली.

छत्रीची दांडी ती काडीच. दोनदा वाकली, दोनदा दुरुस्त केली. तिसऱ्यांदा स्टेशनच्या वाटेवर भार पडला आणि ती मधूनच दुमडली. लोकांनी दादांना उचलून घरी आणलं. नशीब, मुका मार होता. माझी बायको त्यांचा गुडघा शेकत होती. ती त्यांना मामा म्हणायची आणि बोलायला माझ्यापेक्षा धीट.

"मामा, आता बस झालं," ती म्हणाली. "काठी घ्या. उद्या खाटेवर पडला तर मी करीन तुमचं, त्याचं काही न्हाई. पण स्टेशन न्हाई दिसणार तुम्हाला."

दादांनी मोडक्या छत्रीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पोरी, काठी हातात आली की हात आपोआप हालतो. घुंगरू नसलं तरी मला वाजल्यावानी होतं. मंग वाटतं, पुढचा मानूस आता बाजूला हुईल."

ती शेकायची थांबली. मी खिडकीशी उभा होतो, तिथंच उभा राहिलो. त्या दिवसापासून मी काठीचं नाव काढलं नाही, फक्त छत्रीला आतून लोखंडी सळई बसवून आणली.

अशातच एके दिवशी आमच्या गावचे सरपंच मोटारसायकलवरून दारात उतरले. जुन्या पाटलांचे चिरंजीव, माझ्याच वयाचे. वाईट माणूस नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं तसं वाटण्याचा संभव आहे. वरून कागद आला होता, की गावातल्या वृद्धांचा सत्कार करा आणि त्यात सर्व समाज येतील असं पाहा. पाच म्हातारे गावातच सापडले होते. सहावी जागा रिकामी होती आणि ती भरायला ते दोन कोस आले होते.

"दादा, तुमच्यावाचून कार्यक्रम व्हायचा न्हाई," सरपंच म्हणाले. याच दादांना त्यांचे वडील "आरं ये" म्हणून हाक मारत आणि दादा बापाच्या वयाचे असताना हे सरपंचही लहानपणी तसंच म्हणत. पण कागद वरून आला की भाषा सुधारते, हा माझा अनुभव आहे.

त्यांचं लक्ष छत्रीकडे गेलं. घरमालक त्यांचे लांबचे सोयरे. त्यांनी सारी हकिकत पुरवली होतीच. "पायाचं कळलं मला," सरपंच म्हणाले. "त्याची पन यवस्था करतो. बिलकुल काळजी करू नका."

मला वाटलं दादा नाही म्हणतील. ते हो म्हणाले. सरपंच गेल्यावर मी विचारलं, का?

"येशीतून आत चालत जायचं मला," दादा म्हणाले. "बसायचं न्हाई."

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं फाट्यावर उतरलो. तिथून गाव अर्धा मैल. दादांनी नवं धोतर नेसलं होतं. सळईच्या छत्रीवर भार टाकत, दर पंधरा पावलांना थांबत, ते वेशीपर्यंत आले. वेशीच्या उजव्या अंगाला एक दगड आहे, त्यावर ते तरुणपणी बसत. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. वेशीच्या बरोबर मधून आत गेले.

चावडीपुढं मांडव होता, टेबल, त्यावर चादर, हार, परतूरहून आणलेला फोटोग्राफर. सहा खुर्च्यांवर सहा म्हातारे. छत्री माझ्या बायकोकडे देऊन दादा माझ्या हाताला धरून वर चढले आणि खुर्ची येताच हात सोडला. भाषणं झाली. वृद्ध हे गावाचं भूषण आहे, असं चौघांनी सांगितलं. त्यातल्या एकाचे वडील समोरच बसले होते आणि ते कधीपासून पाणी मागत होते. मग एकेकाला शाल, नारळ आणि काठी. काठ्या जालन्याहून आणलेल्या, वेताच्या, वाकड्या मुठीच्या, झकास. पाच जणांना पाच काठ्या मिळाल्या. मला बरं वाटलं. म्हटलं, निदान सगळ्यांसमोर दिल्यावर तरी दादा घेतील.

सहावी काठी वेगळी होती. सरपंच स्वतः चावडीत जाऊन ती घेऊन आले. तिचा आवाज आधी आला, मग ती दिसली.

तीच. पुरुषभर उंच. घासूनपुसून वर चकचकीत व्हार्निश मारलेलं. टोकाला नवी घुंगरं, बैलांच्या साजाच्या दुकानातली असावीत. सरपंचांचा चेहरा मेहनत सफळ झाल्यासारखा फुलला होता. "या काठीनं आपल्या गावाची राखण केली," ते म्हणाले. "वीस वर्षं आम्ही ती जपून ठेवली. आज जिची तिला, म्हंजे ज्याची त्याला, सन्मानानं परत करताना गावाला आनंद होत आहे!" आणि गावाला खरोखर आनंद होत होता. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मला काय झालं ते सांगतो. मी उठलो होतो, काय करणार होतो ते मला माहीत नाही. बायकोनं माझी बाही पकडली आणि सोडली नाही. दादांचं घर, जात, धर्म, माझी नोकरी, भिंतीवरची बुद्धाची तसबीर, सगळं त्या खुळखुळाटात वीस वर्षं मागं गेलं, असं मला वाटलं. आणि देणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

दादा खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले. दोन्ही हातांनी काठी घेतली. खालून वर पाहिली.

"घुंगरं नवी हायेत," ते म्हणाले.

"पितळी हायेत दादा. खास आणली."

"बराबर." ते थांबले. "मंग आता पाळी कोनाची?"

सरपंचांना कळेना. "काय म्हंता?"

"ही काठी पाळीनं फिरती," दादा म्हणाले. माईक टेबलावर होता, पण आवाज शेवटपर्यंत गेला. दवंडीचा आवाज तो, वीस वर्षांनीही शाबूत होता. "एका घरी ठुवायची न्हाई, हा गावाचाच कायदा. छप्पनला माझी पाळी झाली. आमच्या आठी घरांच्या झाल्या. आज्या-पंज्यापासून झाल्या. नवव्या घरानं उचलायची, ती उचललीच न्हाई कोनी. मी म्हनलं, इसरले असतील." आणि त्यांनी काठी सरपंचांच्या हातात दिली. "घ्या. तुमची पाळी."

समोरच्यानं वस्तू पुढं केली की माणूस घेतो. सरपंचांनी घेतली. घुंगरं वाजली. मांडवात कुणी टाळी वाजवली नाही, कुणी ओरडलंही नाही. मागं बसलेली एक म्हातारी मात्र पदर तोंडाला लावून हसली. फोटोग्राफरला सांगून ठेवलं होतं, की काठी हातात आली की फोटो काढ. त्यानं काढला. पुढं मी त्याच्याकडे त्या फोटोची प्रत मागायला तीनदा गेलो. तिन्ही वेळा त्यानं फिल्म खराब झाल्याचं सांगितलं आणि तिन्ही वेळा खराब होण्याचं कारण वेगळं होतं.

उतरताना दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो खाली आल्यावरही काढला नाही. पूर्ण भार टाकला. वेशीतून बाहेर आलो, फाट्यावर आलो. एसटीची वाट बघताना ते म्हणाले, "उद्या जालन्याला जाऊ."

"का? पाय दुखून राह्यला का?"

"काठी घ्यायची."

माझा विश्वास बसेना. "आता?"

"भिताडाला टेकवली म्हंजी दिली न्हवं," दादा म्हणाले. "पाळी माझ्याच नावावर व्हती इतकी वर्सं. आज दिली कोनाच्या तरी हातात. हात रिकामा झाला."

मी रस्त्याकडे तोंड करून एसटी बघत राहिलो. एसटीला अजून अर्धा तास होता.

दुसऱ्या दिवशी जालन्यात मस्तगड भागातल्या एका दुकानात आम्ही काठी बघायला गेलो. दुकानदार काठ्यांचा जाणकार, साठीचा. त्यानं वेत, शिसव, बांबू सगळं मांडलं आणि लवचिकपणावर व्याख्यान सुरू केलं. दादांचं लक्ष नव्हतं. ते एकेक काठी उचलत, कानाशी नेत आणि हलवून बघत. दुसरी. तिसरी. दुकानदार थांबला.

"बाबा, ही काठी हाय, बासरी न्हाई."

"म्हाईत हाय."

लोखंडी टोकाची त्यांनी फरशीवर आपटून पाहिली आणि "वाजती" म्हणून बाजूला ठेवली. अखेर एक साधी वेताची, वाकड्या मुठीची पसंत पडली. तिच्या टोकाला त्यांनी जाड रबरी टोपी बसवून घेतली आणि दुकानभर एक चक्कर मारली. पाऊल तेवढं वाजलं, काठी वाजली नाही. मी दारात उभा राहून बघत होतो.

काठी घेतल्यापासून दादांचा स्टेशनचा नेम पुन्हा सुरू झाला. पायही बऱ्यापैकी सुधारला. पंधरा-वीस दिवसांनंतरची गोष्ट. घरमालक ओट्यावर पाठमोरे बसून शेंगा फोडत होते. दादा स्टेशनवरून आले, त्यांच्या मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय मालक?" मालकांच्या हातातलं सूप उलटं झालं, शेंगा ओटाभर पांगल्या.

"अहो दादा, काही आवाज तरी करत चला की येताना!" छातीवर हात ठेवून ते म्हणाले. "कळलंच न्हाई तुम्ही कधी आल्ते ते!"

दादा घरात आले. काठी खुंटीला अडकवली, खाली बसले आणि बराच वेळ आपल्याशीच हसत राहिले. सुनेनं विचारलं, "मामा, काय झालं?"

"मालकाला कळलंच न्हाई म्हन्तो मी आल्तो ते," दादा म्हणाले. "चहा टाक."